इंजिन बदलले, आता चाके कोणती?

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कोणत्याही मोटारीच्या टायरची बाजू आपण वाकून पाहिली, तर तेथे रबरातच उठवलेली बरीच अक्षरे आणि आकडे दिसतात. टायर विकत घेणारी माणसेसुद्धा ती क्वचितच वाचतात. ‘आधीचा होता तसाच द्या’ एवढे दुकानात सांगितले की काम भागते. ते भागते, कारण गाडीचे वजन, इंजिनाची ताकद, ब्रेक आणि चाके यांचा मेळ गाडी बनवणाऱ्यांनी आधीच घालून ठेवलेला असतो.

पण हा मेळ कोणी मोडला तर? समजा, गाडीचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्याच कंपनीचे, अधिक ताकदीचे इंजिन बसवले. आता ‘आधीचा होता तसाच’ हे उत्तर पुरेल का? पुरणार नसेल, तर नवे उत्तर कसे शोधायचे? हा प्रश्न वरवर गॅरेजमधला दिसतो. प्रत्यक्षात तो सोडवताना वर्तुळाचा परीघ, नियमित पंचकोन, दाब, घर्षण, गतिज ऊर्जा असे शाळेत शिकवलेले बहुतेक सारे कामाला येते. म्हणूनच त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

एक व्हॅन आणि तिचे दुसरे इंजिन

उदाहरणासाठी आपण फोक्सवॅगन कंपनीची एक जुनी व्हॅन घेऊ. जर्मनीत १९७९ मध्ये आलेल्या या तिसऱ्या पिढीच्या व्हॅनला ‘टी-३’ म्हणतात. अमेरिकेत ती १९८० ते १९९१ या काळात ‘व्हॅनॅगन’ या नावाने विकली गेली. आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या या गाड्या प्रवासाची हौस असणाऱ्यांनी आजही जपून ठेवल्या आहेत. गाडी ऐसपैस, पण इंजिन मागच्या बाजूला आणि गाडीच्या मानाने अशक्त. सुरुवातीच्या १.६ लिटरच्या डिझेल इंजिनाची ताकद जेमतेम ५० अश्वशक्ती होती. अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हॅनची नंतरची २.१ लिटरची पेट्रोल इंजिने ९० ते ९५ अश्वशक्तीपर्यंत पोचली. सामानाने भरलेली दोन टनांची गाडी घेऊन घाट चढताना तीही दमत.

त्यामुळे अमेरिकेत अनेकांनी या व्हॅनमध्ये जपानच्या सुबारू कंपनीच्या मोटारीचे २.२ लिटरचे इंजिन बसवले. त्याची ताकद सुमारे १३० अश्वशक्ती. सुबारूच का, याला कारण आहे. या इंजिनाची सिलिंडरे उभी नसतात. ती समोरासमोर आडवी असतात. व्हॅनच्या मूळ पेट्रोल इंजिनाची रचनाही तशीच होती. त्यामुळे मागच्या फळीखालच्या बुटक्या जागेत हे इंजिन मावते. ते गिअरपेटीला जोडण्यासाठी मध्ये एक खास पट्टी घालावी लागते, पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा बदलाव्या लागतात. पण काम होते. अधिक ताकदीची गरज कारखान्यांनीही ओळखली होती. दक्षिण आफ्रिकेत ही व्हॅन २००२ पर्यंत बनत होती आणि तेथे १९९० नंतरच्या दशकात तिला ऑडीची पाच सिलिंडरची इंजिने बसवली गेली. पोर्शे कंपनीने तर १९८० नंतरच्या दशकात आपले ३.२ लिटरचे, २३१ अश्वशक्तीचे इंजिन घालून अशा सुमारे दहा व्हॅन तयार केल्या होत्या.

इंजिन बसले, गाडी धावू लागली, की मालकाचे लक्ष चाकांकडे जाते. मूळची १४ इंची पोलादी चाके आता किरकोळ वाटू लागतात. १५, १६ किंवा १७ इंची मिश्रधातूची चाके बाजारात मिळतात, दिसतातही छान. येथेच सावध व्हायला हवे.

आधी वजन

मूळच्या टायरवर रोमन अक्षरांत जे लिहिलेले असते ते आपल्या लिपीत असे होईल: १८५ आर १४ सी, ८ पीआर, १०२/१००. यातला १८५ हा टायरच्या रुंदीचा आकडा मिलिमीटरमध्ये आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल. या टायरमधले धागे मध्यापासून बाहेर, त्रिज्येच्या दिशेने जातात. १४ हा चाकाचा व्यास, पण तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच सुखाने नांदतात, हे मोजमापाच्या इतिहासाचे एक गमतीदार अवशेष आहे. ‘सी’ म्हणजे हा टायर व्यापारी मालवाहू वर्गातला. ‘८ पीआर’ ही मजबुतीची श्रेणी आहे. तेवढे थर टायरमध्ये प्रत्यक्ष असतातच असे नाही.

सर्वांत महत्त्वाचा आकडा शेवटचा. १०२ हा भारांक आहे. तो म्हणजे किलोग्रॅम नव्हेत. एका आंतरराष्ट्रीय कोष्टकात त्याचा अर्थ पाहावा लागतो: ९१ म्हणजे ६१५ किग्रॅ., ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८०० आणि १०२ म्हणजे ८५० किग्रॅ. एका टायरने जास्तीत जास्त एवढे वजन पेलावे असा त्याचा अर्थ. तिरक्या रेघेनंतरचा १०० हा आकडा एका बाजूला दोन टायर जोडून लावले तर प्रत्येकी किती भार चालेल ते सांगतो.

आता समजा, प्रवासाला निघालेल्या व्हॅनच्या मागच्या ॲक्सलवर १३०० किग्रॅ. भार येतो. म्हणजे प्रत्येक चाकावर ६५० किग्रॅ. मूळच्या टायरची क्षमता ८५० असल्याने २०० किग्रॅ.ची शिल्लक हाताशी राहते. मालकाला मात्र एका मोटारीची १६ इंची सुंदर चाके मिळाली आहेत आणि त्यांवर २०५/५५ आर १६, भारांक ९१ असे टायर आहेत. ते व्हॅनला बसतील, गाडी चालेल, दिसेलही ऐटदार. पण ९१ म्हणजे ६१५ किग्रॅ. प्रत्येक मागचा टायर पहिल्या दिवसापासून ३५ किग्रॅ. जादा भार वाहत राहील. खड्ड्यात आपटणे, वळणावर भार एका बाजूला जाणे, ब्रेक दाबताच तो पुढच्या चाकांवर सरकणे, हे सारे त्यावर आणखी. टायर बसला म्हणजे तो पेलेल असे नाही.

हाच नियम चाकाच्या धातूलाही लागू आहे. अनेक मिश्रधातूच्या चाकांवर आतल्या बाजूला भारमर्यादा कोरलेली असते. हलक्या मोटारीसाठी ओतलेले चाक जड व्हॅनला लावायचे, तर हा आकडा आधी शोधला पाहिजे. सापडला नाही, तर चाक कितीही स्वस्त मिळत असले तरी सोडून द्यावे.

वजन उचलते ती हवा

टायर वजन पेलतो असे आपण म्हणतो. खरे तर बहुतेक वजन आतली दाबलेली हवा पेलते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र येथे जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. ६५० किग्रॅ.चे वजन म्हणजे सुमारे ६३७० न्यूटन बल. टायरमधला दाब ३ बार, म्हणजे ‘४३ पौंड हवा’, असेल तर तो ३ लाख पास्कल झाला. भागाकार केला की जमिनीला टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ मिळते: सुमारे २१२ चौरस सेंटिमीटर. जेमतेम साडेचौदा सेंटिमीटर बाजूचा चौरस! गाडी वळते, थांबते, पुढे जाते ती असल्या चार चौरसांच्या भरवशावर.

हवा २ बारपर्यंत उतरली, तर तेच वजन पेलायला सुमारे ३१८ चौरस सेंटिमीटर जमीन लागेल. म्हणजे टायर अधिक चपटा होईल आणि त्याची बाजू दर फेऱ्याला अधिक वाकेल. ताशी १०० किमी वेगाने जाताना हे चाक मिनिटाला आठशेहून अधिक फेरे घेते. टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तेरा-चौदा वेळा वाकतो आणि सरळ होतो. रबर वाकवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते सरळ होताना परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. लोखंडी तार हाताने पुन्हापुन्हा वाकवली तर ती तापते, तसाच हा प्रकार. भार जास्त, हवा कमी आणि वेग जास्त, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की टायर आतून तापत जातो. शेवटी रबर आणि आतल्या पोलादी पट्ट्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. त्यांतले बरेचसे फोर्ड कंपनीच्या ‘एक्सप्लोरर’ या उंच गाडीवर होते. धावताना टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा सुटे आणि गाडी उलटे. त्या अपघातांत २७० हून अधिक माणसे दगावल्याची नोंद तेथील सरकारी खात्याने केली. दोष टायरच्या रचनेचा, कारखान्याचा की गाडीचा, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. गाडीसाठी सुचवलेला २६ पौंडांचा कमी दाब हाही त्या वादातला एक मुद्दा होता. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा झाला आणि त्याचा परिणाम म्हणून सप्टेंबर २००७ नंतर बनणाऱ्या मोटारींत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

वेगाची किंमत

इंजिन बदलल्याने व्हॅनचे वजन फारसे बदलत नाही. बदलतो तो वेग. पूर्वी जी गाडी ताशी ९० किमीवर समाधानी होती ती आता सहज १२० ला जाते. वेग एक-तृतीयांशाने वाढला असे आपल्याला वाटते. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २२०० किग्रॅ.च्या गाडीची ऊर्जा ताशी ९० किमी वेगाला सुमारे ६.९ लाख जूल आणि १२० ला सुमारे १२.२ लाख जूल होते. ही वाढ जवळजवळ ७८ टक्के आहे.

गाडी थांबवताना ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. खोलीतल्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३.३ लाख जूल लागतात. म्हणजे पहिल्या वेळी दोन लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होत होती, आता साडेतीन लिटरांहून अधिक उकळेल एवढी होते. तीही काही सेकंदांत! घाट उतरताना हे पुन्हापुन्हा घडते. म्हणून इंजिन वाढवणारा शहाणा माणूस ब्रेकही वाढवतो. पुढच्या ब्रेकची चकती मोठी आणि जाड घेतली की ती जास्त उष्णता सामावते. शिवाय ब्रेकची पकड चाकाच्या मध्यापासून दूर गेल्याने तेवढ्याच बलात जास्त आघूर्ण मिळते.

मोठ्या चाकाचे खरे समर्थन येथे मिळते. मोठी चकती आणि तिच्यावर बसणारा कॅलिपर १४ इंची चाकाच्या पोटात मावत नाही. १५ किंवा १६ इंची चाकात मावतो. पण येथेही नुसता व्यास पाहून चालत नाही. चाकाच्या आऱ्या आतल्या बाजूला किती फुगीर आहेत, त्यावर कॅलिपर घासणार की नाही ते ठरते. त्यामुळे टायर चढवण्यापूर्वी नुसते चाक लावून, हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहणे हीच खात्रीची परीक्षा.

पाच भोकांची भूमिती

इंजिन सुबारूचे, मग चाकेही त्याच मोटारीची लावली तर? ती बसतच नाहीत. व्हॅनच्या हबवरचे पाच बोल्ट ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत. ज्या सुबारू लेगसी मोटारीतून हे इंजिन बहुधा काढले जाते तिचे पाच बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर असतात. बाजारात ११४.३ मिमीची चाकेही भरपूर मिळतात. हा आकडा म्हणजे साडेचार इंच. ११२ ची चाके मर्सिडीजच्या अनेक मोटारींना असतात. म्हणून व्हॅनचे मालक बहुधा तिकडे वळतात.

हे वर्तुळ मोजायचे कसे? भोके चार किंवा सहा असती, तर समोरासमोरच्या दोन भोकांतले अंतर मोजले की काम झाले असते. पाच भोकांना मात्र ‘समोर’ नसतेच. येथे नियमित पंचकोन मदतीला येतो. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर म्हणजे पंचकोनाची बाजू. वर्तुळाचा व्यास गुणिले ३६ अंशांची ज्या, म्हणजे गुणिले ०.५८८, केले की ती मिळते. त्यावरून १०० मिमीच्या वर्तुळासाठी हे अंतर ५८.८ मिमी, ११२ साठी ६५.८ आणि ११४.३ साठी ६७.२ मिमी येते.

शेवटच्या दोन आकड्यांत फरक केवळ १.४ मिमीचा. साध्या पट्टीने मोजणाऱ्याच्या हातून तो सहज निसटेल. थोडे इकडे, थोडे तिकडे ढकलून ११४.३ चे चाक ११२ च्या हबवर बसल्यासारखे वाटूही शकते. ते बसलेले नसते. बोल्ट तिरपे आवळले जातात आणि धोका तेथूनच सुरू होतो.

तो का, हे समजण्यासाठी चाक हबला कशामुळे धरून राहते ते पाहू. बोल्ट भोकात अडकून गाडीचे वजन तोलतात अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. बोल्ट चाकाला हबवर घट्ट दाबतात आणि दोन्ही पृष्ठभागांमधले घर्षण चाक धरून ठेवते. या व्हॅनचे बोल्ट १४ मिमी जाडीचे असून ते १८० न्यूटन-मीटर आघूर्णाने आवळायचे असतात. ४० सेंटिमीटर लांबीचा पाना घेतला, तर टोकाला सुमारे ४६ किग्रॅ. वजन टांगण्यासारखे ते आहे. पेचामुळे या बलाचे मोठे गुणन होते आणि स्थूल हिशोबाने एकेक बोल्ट सहा टनांच्या आसपास ताकदीने चाक दाबून धरतो. बोल्ट तिरपा असेल, किंवा बोल्टचे डोके शंकूसारखे आणि चाकातली बैठक गोलाकार असेल, तर स्पर्श थोड्याशाच जागी होतो. चालताना ती जागा दबते, पकड ढिली पडते आणि घर्षण नाहीसे होते. मग भार खरोखरच बोल्टवर येतो, आणि त्यासाठी ते बनवलेले नसतात. नवी चाके लावल्यावर बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत असे सांगतात, ते याचसाठी.

मर्सिडीजच्या चाकांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्यांतल्या जुन्या चाकांची भोके १२ मिमीच्या बोल्टसाठी असतात. ती व्हॅनच्या १४ मिमी बोल्टसाठी मोठी करायची, तर ते काम यंत्रावर, चाकाचा मध्य नेमका धरूनच करावे लागते. हाताच्या ड्रिलने भोक वाढवणे म्हणजे बैठक बिघडवणे होय.

आत किती, बाहेर किती

चाकाच्या रुंदीचा मध्य आणि चाक जेथे हबला टेकते तो पृष्ठभाग यांतल्या अंतराला ऑफसेट म्हणतात. टेकण्याचा पृष्ठभाग मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. हे समजायला उदाहरणच बरे. मूळचे पोलादी चाक ५.५ इंच रुंद आणि ३९ मिमी ऑफसेटचे आहे. त्याची निम्मी रुंदी सुमारे ७० मिमी. म्हणजे हबच्या पृष्ठभागापासून ते आत ७० अधिक ३९, असे १०९ मिमी जाते, आणि बाहेर ७० वजा ३९, असे ३१ मिमी येते.

आता ७ इंच रुंद आणि ३५ मिमी ऑफसेटचे चाक घ्या. निम्मी रुंदी ८९ मिमी. ते आत १२४ मिमी जाईल आणि बाहेर ५४ मिमी येईल. म्हणजे आतल्या बाजूला १५ मिमी आणि बाहेरच्या बाजूला २३ मिमी जागा जादा हवी. टायरचा फुगवटा आणखी वेगळा. आत स्प्रिंग आणि स्टिअरिंगचे दांडे असतात, बाहेर पत्रा. पुढचे चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि गाडी भाराने खाली बसलेली असताना ही जागा तपासावी लागते. रिकाम्या गाडीत सरळ चाकाला काहीच घासले नाही, यावरून काही सिद्ध होत नाही.

जागा आहे म्हणून चाक हवे तेवढे बाहेर काढणेही बरोबर नाही. चाक जितके बाहेर, तितका तरफेचा हात लांब आणि बेअरिंगवर ताण अधिक. शिवाय एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले, की स्टिअरिंगला बसणारा हिसकाही वाढतो.

व्यास आणि गिअर

आता व्यास. मूळच्या टायरवर उंचीचे प्रमाण छापलेले नाही. अशा जुन्या पद्धतीच्या टायरची उंची रुंदीच्या सुमारे ८० टक्के असते. त्यावरून व्यास सुमारे ६५० मिमी येतो. नव्या पद्धतीच्या टायरवर हे प्रमाण दिलेले असते. २०५/६५ आर १५ सी या टायरची उंची २०५ च्या ६५ टक्के, म्हणजे १३३ मिमी. ती दोनदा घेऊन त्यात १५ इंचांचे ३८१ मिमी मिळवले की व्यास ६४७ मिमी होतो. चाक एक इंचाने मोठे, पण बाहेरचा व्यास जवळजवळ तोच! याच मापाचा २१५/६५ आर १६ सी हा टायर मात्र ६८६ मिमीचा, म्हणजे सुमारे साडेपाच टक्क्यांनी मोठा आहे.

याचा परिणाम काय होतो? ताशी १०० किमी वेगाला ६५० मिमीचे चाक मिनिटाला सुमारे ८१६ फेरे घेते, तर ६८६ मिमीचे ७७३. समजा, वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे चार फेरे होतात. मग इंजिनाचा वेग मिनिटाला ३२६४ फेऱ्यांवरून ३०९२ वर येतो. इंजिन शांत चालते आणि लांबच्या प्रवासात बरे वाटते. पण निसर्गात फुकट काही नसते. त्रिज्या वाढली की तेवढ्याच आघूर्णातून रस्त्यावर मिळणारे बल तेवढ्याच प्रमाणात घटते. ५० अश्वशक्तीच्या गाडीला हे मुळीच परवडले नसते. ती चढावर एक गिअर खाली अडकली असती. १३० अश्वशक्तीच्या इंजिनाला ते परवडते. इंजिन बदललेल्या व्हॅनला थोडे मोठे टायर का शोभतात, याचे उत्तर हे असे आहे.

मात्र स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. मोठ्या टायरवर गाडी ताशी १०० ने धावत असताना काटा ९५ च्या आसपास दाखवील. आधीच वेग वाढलेल्या गाडीत काटाही कमी सांगू लागला, तर चालकाची दुहेरी फसगत होते.

निवडीचा क्रम

एवढ्या विचारानंतर आपल्या हाती एक क्रम येतो. पहिल्याने भार: गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर न्यावी, प्रत्येक ॲक्सलचे वजन घ्यावे आणि त्याहून बरीच जास्त क्षमता असलेला टायर आणि चाक निवडावे. दुसऱ्याने ब्रेक: नव्या वेगाला पुरेल तो ब्रेक ठरवावा आणि तो मावेल असा चाकाचा व्यास घ्यावा. तिसऱ्याने बोल्टचे वर्तुळ, बोल्टची जाडी, बैठक आणि मधले भोक. चौथ्याने ऑफसेट आणि रुंदी. पाचव्याने बाहेरचा व्यास. वेगाची मर्यादा सांगणारे अक्षरही पाहावे: ‘क्यू’ म्हणजे ताशी १६०, ‘आर’ म्हणजे १७० आणि ‘टी’ म्हणजे १९० किमी. या साऱ्यांतून जी चाके शिल्लक राहतील त्यांतून आवडीचे रूप निवडायला हरकत नाही. दुकानात मात्र आपण रूपापासून सुरुवात करतो आणि भारापर्यंत बहुधा पोचतच नाही.

आपल्याकडे गाडीचे इंजिन असे मनाप्रमाणे बदलता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या एका निकालात हे स्पष्ट केले. सीएनजी किंवा बॅटरी यांसारख्या वेगळ्या इंधनासाठी करायच्या बदलांना नियमांप्रमाणे मंजुरी घ्यावी लागते. पण रुंद टायर आणि मोठी चाके लावण्याची हौस आपल्या गावोगावच्या दुकानांत भरपूर दिसते. भारांक, ऑफसेट आणि व्यास यांचा हिशोब तेथेही तोच आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

विद्यार्थ्यांना शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या दुचाकी, रिक्षा, टेम्पो आणि बस यांच्या टायरवरचे आकडे उतरवून आणायला सांगावे. गाडीची चावी काढलेली असावी आणि चालक जवळ असावा. रुंदी, प्रमाण आणि चाकाचा व्यास यांवरून प्रत्येकाचा बाहेरचा व्यास काढावा आणि मग फीत लावून तो पडताळावा. २००० नंतर बनलेल्या टायरवर चार आकड्यांची एक चौकट सापडेल. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कोणता टायर सर्वांत म्हातारा आहे? रबर न वापरताही जुने होते, हे येथे सांगता येईल.

दुसरा प्रयोग सायकलचा. मागच्या टायरला शाई लावून चाक आलेख-कागदावर टेकवावे, एका विद्यार्थ्याने सायकलवर बसावे आणि दुसऱ्याने ती धरून ठेवावी. मग सायकल उचलून ठशातले चौकोन मोजावेत. मागच्या चाकाखाली वजनकाटा आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवून मागच्या चाकावरचा भार घ्यावा. तो ४५ किग्रॅ. आणि हवा ४० पौंड असेल, तर हिशोबाने ठसा १६ चौरस सेंटिमीटरचा हवा. प्रत्यक्षात थोडा फरक पडेल, कारण टायरची जाड बाजूही थोडासा भार घेते. मग हवा निम्मी करून ठसा पुन्हा घ्यावा. तो दुप्पट का होत नाही, किंवा होतो, याची चर्चा विद्यार्थ्यांवरच सोपवावी.